मोतीबिंदूनंतर बुबुळावरच्या काचेला सूज: कॉर्नियाच्या रोपणाआधी काय करायचं, नंतर काय टाळायचं, आणि कोणत्या क्रमाने

मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं, तरी नजर धुरकटच राहिली. किंवा चार-पाच वर्षं छान दिसलं आणि मग हळूहळू धुकं चढलं. सोलापुरात डोळ्यांच्या कुठल्याही ओपीडीत असे पेशंट भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचं घोडं आजारापेक्षा क्रमामुळे अडतं. कुणी सूज उतरायला वेळ न देताच ‘डोळा बदलून द्या’ म्हणत पुणं गाठतं. कुणी मेडिकलमधून तेच ते थेंब वर्षभर आणत राहतं आणि डोळ्यातलं प्रेशर वाढून आतली नस सुकते. दात्याची काच बसवण्याचं ऑपरेशन, म्हणजे रोपण, उत्तम झालेलं असतानाही ‘आता दिसतंय की’ म्हणून सहाव्या महिन्यात थेंब बंद करणारेही आहेत. म्हणून हा लेख पायऱ्यांनी लिहिला आहे. पायरी गाळू नका.

आधी एवढं समजून घ्या. बुबुळावरची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. विहिरीत झिरपणारं पाणी मोटर उपसत राहते, तसं या पेशी कॉर्नियात शिरणारं पाणी सतत बाहेर काढतात. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण 2500 पेशी असतात. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत, उरलेल्याच पसरून जागा भरतात. संख्या 500च्या आसपास उतरली की उपसा पुरत नाही, काच फुगते आणि गढूळ होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये थोड्या पेशी जातातच. मोतीबिंदू फार पिकलेला असेल, पेशी मुळातच कमी असतील किंवा भिंग बुबुळाच्या पुढच्या बाजूला बसवावं लागलं असेल, तर जास्त जातात.

### पायरी 1: सूज तात्पुरती की कायमची, हे आधी ठरवा

ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत आलेली सूज बहुतेकदा थेंबांनी आणि वेळेने उतरते. काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. या काळात डॉक्टर सूज कमी करणारे थेंब, 5 टक्के मिठाच्या पाण्याचे थेंब आणि गरजेप्रमाणे प्रेशरचं औषध देतात. मिठाचे थेंब झोंबतात, त्याला घाबरू नका. पण ते घरी मीठ कालवून करायचे नसतात, बाटलीतलेच वापरायचे.

‘थांबा’ म्हणजे ‘तपासणीला येऊ नका’ असं मात्र नाही. काही कारणांवर लगेच इलाज होतो आणि रोपण टळतं. कॉर्नियाचा आतला पापुद्रा सुटला असेल तर हवेचा किंवा गॅसचा बुडबुडा भरून तो परत चिकटवता येतो. मोतीबिंदूचा एखादा तुकडा आत राहिला असेल तर काढता येतो. प्रेशर वाढलं असेल तर उतरवता येतं. हे बॅटरी मारून कळत नाही, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, नीट बघावं लागतं. पापुद्र्याची शंका असेल तर डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे थर दाखवणारा स्कॅन, करतात.

घरची तपासणी: भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. सकाळी उठल्या उठल्या चांगला डोळा झाकून ठरलेल्या अंतरावरून तारखा वाचा. दुपारी त्याच जागी, तेवढ्याच उजेडात पुन्हा वाचा. सकाळी धूसर आणि दुपारी बरं, असं रोज होत असेल तर कॉर्नियाला पाणी धरतंय अशी दाट शंका घ्या. झोपेत पापणी मिटलेली असते, पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी जास्त धुकं. हाच खेळ ऋतूंचाही आहे. सोलापूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये थोडं बरं वाटतं आणि पावसाळी दमट हवेत पुन्हा धूसर होतं. उन्हाळ्यातल्या उतारावर विसंबून तपासणी पुढे ढकलू नका.

सावध: डोळ्यात काटा टोचल्यासारखं होणं, पाणी वाहणं, उजेड सहन न होणं, हे सुरू झालं म्हणजे काचेवर बारीक फोड येऊन फुटत असू शकतात. फुटलेल्या जागेतून जंतू शिरतात. मध, गुलाबपाणी, एरंडेल, तूप, बाळंतिणीचं दूध यांतलं काहीही घालू नका. त्याच दिवशी दाखवा.

### पायरी 2: जुनी फाईल शोधा

ही पायरी फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त चुकते. मोतीबिंदूच्या डिस्चार्ज कार्डावर एक छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर भिंगाची कंपनी, मॉडेल आणि नंबर छापलेला असतो. शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात ‘पीसी आयओएल’ किंवा ‘एसी आयओएल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिल्याचा अर्थ भिंग नेहमीच्या जागी, बुबुळाच्या मागे. दुसऱ्याचा अर्थ भिंग पुढच्या कप्प्यात, कॉर्नियाच्या जवळ. या दोन अक्षरांवर पुढचं अर्धं नियोजन ठरतं. पुढचं भिंग पेशींना घासत असेल तर ते तसंच ठेवून नवीन कॉर्निया बसवला तर नव्या पेशींचीही तीच गत होऊ शकते. अशा वेळी सर्जन भिंग काढून दुसऱ्या पद्धतीने बसवण्याचा विचार करतात. मग ऑपरेशन मोठं होतं आणि खर्चही वाढतो.

शिबिरात ऑपरेशन झालं असेल तर कार्ड बऱ्याचदा घरात सापडत नाही. ज्या दवाखान्याने शिबिर घेतलं तिथे नोंदवही असते. नाव, गाव आणि साधारण महिना सांगून नक्कल मागा. तोपर्यंत घातलेल्या सगळ्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्याही पिशवीत टाका. ‘पांढऱ्या झाकणाचं औषध’ एवढ्या वर्णनावरून कुणालाच काही कळत नाही.

### पायरी 3: काचेच्या मागचा डोळा चांगला आहे का?

नवी काच बसवली आणि मागचा पडदा किंवा नसच गेलेली असेल, तर हाती काही लागत नाही. म्हणून रोपणाच्या यादीत नाव घालण्याआधी हे सगळं झालेलं असावं:

- प्रेशर. सुजलेल्या कॉर्नियावर आकडा चुकीचा येऊ शकतो, म्हणून ते एकाच भेटीतल्या एकाच आकड्यावर ठरवू नये.
- उजेड कुठल्या बाजूने येतो ते डोळ्याला ओळखता येतं का.
- पडदा. काचेतून आत दिसत नसेल तर सोनोग्राफी.
- कॉर्नियाची जाडी. निरोगी काच मध्यभागी साधारण 540 मायक्रॉनच्या आसपास असते.
- अश्रुपिशवी. नळी तुंबून पू येत असेल तर आधी ती दुरुस्त करायची, मग रोपण.
- साखर, रक्तदाब, ईसीजी आणि ऑपरेशनपूर्वीच्या नेहमीच्या रक्त तपासण्या.

पेशी मोजण्याच्या मशीनवर सुजलेल्या डोळ्याचा फोटो बऱ्याचदा येतच नाही. मशीन बिघडलं असं समजू नका. तीच तपासणी चांगल्या डोळ्याची मात्र जरूर करून घ्या, शेवटच्या पायरीत तिचं काम आहे.

इथे प्रामाणिक प्रश्न विचारा: “डॉक्टर, नजर किती येईल? की फक्त दुखणं थांबेल?” मागची नस गेली असेल आणि फोडांमुळे दुखत असेल, तर बँडेज लेन्स किंवा वारेचा पापुद्रा लावणं असे छोटे उपाय असतात. दिसण्याची आशाच नसलेल्या डोळ्यासाठी दान आलेला कॉर्निया अडवून ठेवणं माझ्या मते बरोबर नाही, आणि बरेच सर्जन तसं स्पष्ट सांगतात. त्याचा राग मानू नका.

### पायरी 4: रोपण कोणतं, ते समजून घ्या

‘डोळा बदलतात’ हा समज अजून घट्ट आहे. डोळा बदलत नाहीत आणि डोळ्याचा रंगही बदलत नाही. बदलतात ती फक्त काच, आणि आता बऱ्याचदा तीही पूर्ण नाही.

डीसेक: फक्त आतला खराब थर काढून दात्याच्या कॉर्नियाचा पातळ काप बसवतात. चीर लहान असते, टाके मोजके. हवेच्या बुडबुड्याने काप आतून दाबून चिकटवतात. मोतीबिंदूनंतरच्या सुजेत, विशेषतः भिंग किंवा बुबुळ जागेवर नीट नसेल तर, सर्जन बऱ्याचदा हेच निवडतात.

डीमेक: यात जवळपास फक्त पेशींचा पापुद्रा बसवतात, 10 ते 15 मायक्रॉन जाडीचा. नजर लवकर आणि जास्त स्वच्छ येते, शरीराने रोपण नाकारण्याचा धोका सगळ्यात कमी. पण पापुद्रा गुंडाळतो, आत उलगडणं अवघड जातं आणि सुटला तर पुन्हा बुडबुडा भरावा लागतो.

पूर्ण जाडीचं रोपण: सूज फार वर्षं राहून काचेतच पांढरा व्रण पडला असेल तर आतला थर बदलून भागत नाही, मग काच पूर्ण बदलावी लागते. गोल शिवण येते, टाके वर्षभर किंवा जास्त राहतात, चष्म्याचा नंबर तिरका येतो आणि जखम मूळच्या ताकदीची कधीच होत नाही.

म्हणजे लवकर आलात तर छोट्या ऑपरेशनवर काम होऊ शकतं. वर्षानुवर्षं थांबलात तर ती संधी जाते. कोणतं चांगलं यावर घरात वाद घालण्यापेक्षा सर्जनला विचारा: “तुम्ही यांतलं नेहमी कोणतं करता, आणि माझ्या डोळ्याला तेच का?”

### पायरी 5: कुठे करायचं

सुरुवात गावातच करा. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपल्या सिव्हिलच्या, नेत्र विभागात तपासणी करून कागद तयार करता येतात. रोपण कुठे होईल हे कॉर्नियाचा सर्जन, नेत्रपेढी आणि तुमची सोय यांवर ठरतं. पुण्यात ससून आणि हडपसरजवळचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आहे, तिची स्वतःची नेत्रपेढी आहे आणि ज्यांना पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी मोफत सेवाही आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांना हैदराबाद भाषेनेही सोयीचं पडतं, म्हातारं माणूस डॉक्टरशी स्वतः बोलू शकतं.

ठिकाण निवडताना अंतराचा विचार वेगळ्या तऱ्हेने करा. ऑपरेशनला एकदा जाणं सोपं आहे, नंतरच्या तपासण्या वर्षानुवर्षं असतात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तपासणी करून परतता येईल, पण सोबत कोण येणार ते आधी ठरवा. गावातला एक डोळ्यांचा डॉक्टर मधल्या प्रेशर-तपासणीसाठी पक्का करा आणि दोन्ही डॉक्टरांचे कागद एकाच फाईलमध्ये ठेवा.

पैशांचं: कॉर्निया विकत मिळत नाही. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. नेत्रपेढी तपासणी आणि साठवणुकीचा खर्च मात्र घेऊ शकते, आणि तो बिलात वेगळा दिसला पाहिजे. ‘लवकर डोळा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हे विशिष्ट ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का, ते त्याच्याकडूनच पक्कं करून घ्या. लेखी अंदाजपत्रकात भिंग बदलणं, पुन्हा बुडबुडा भरणं आणि थेंबांचा खर्च धरलाय का ते बघा.

### पायरी 6: यादीत नाव आणि फोनची वाट

मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. नंतर साठवणुकीच्या द्रवानुसार कॉर्निया सुमारे 4 किंवा 14 दिवस टिकतो. म्हणून बोलावणं कमी वेळात येतं. रक्तगट जुळवण्याची सहसा गरज नसते. नातेवाइकांनी ‘माझा एक डोळा घ्या’ म्हणण्यात माया आहे, पण जिवंत माणसाचा कॉर्निया यासाठी घेत नाहीत.

वाट पाहताना एवढं करून ठेवा:

1. दोन मोबाईल नंबर द्या, त्यांतला एक घरात कायम चालू असणाऱ्या माणसाचा.
2. चालू औषधांची यादी एका कागदावर लिहा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. लघवीसाठी प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, तिच्यामुळे बुबुळ ढिलं पडतं.
3. उताणं झोपण्याचा सराव करा. पातळ उशी किंवा उशीशिवाय, तोंड छताकडे, तासभर. पाठ दुखली, दम लागला किंवा खोकल्याची उबळ आली तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगा.
4. पापणीवर रांजणवाडी, डोळे आलेले, दाढेत पू, ताप: यांतलं काही असेल तर फोन आल्यावर लपवू नका. संधी जाईल म्हणून लपवलेला संसर्ग डोळाच घेऊन जातो.

### पायरी 7: ऑपरेशनचा दिवस

यात तुमच्या हातात फारसं काही नसतं. बहुतेकांना डोळ्याभोवती भूल देतात. उपाशी किती वेळ राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं की नाही, हे आदल्या दिवशी विचारा. निघण्याआधी एक गोष्ट विचारून लिहून घ्या: डोळ्यात हवा भरलीय की गॅस. दोन्हींत डॉक्टर सांगेपर्यंत विमानप्रवास आणि उंच घाटाचा प्रवास बंद, कारण उंचीवर बुडबुडा फुगून प्रेशर वाढतं.

### पायरी 8: पहिले दिवस, छताकडे तोंड

थराच्या रोपणात नवा काप टाक्यांनी शिवलेला नसतो, वर तरंगणारा बुडबुडा त्याला कॉर्नियाशी दाबून धरतो. माणूस उताणा असला तरच बुडबुडा बरोबर काचेखाली येतो. कुशीवर वळलात की तो बाजूला सरकतो आणि काप सुटू शकतो. डीसेकनंतर सहसा पहिला एक दिवस आणि डीमेकनंतर दोन-तीन दिवस किंवा जास्त, पण तुमच्या सर्जनने सांगितलेला काळ खरा. जेवायला, लघवीला उठायला मुभा असते.

जमिनीवर गादी टाकू नका, उठताना वाकावं लागतं. पलंग किंवा कॉट बरी. गुडघ्याखाली चादरीची घडी घातली की कंबर कमी दुखते. भेटायला येणाऱ्यांना चार दिवसांनी यायला सांगा. पाहुणे आले की पेशंट उठून बसतो, हे ठरलेलं. नजरेत पाण्याची पातळी हलावी तशी रेघ दिसते ती बुडबुड्याची कड. तो विरघळेल तशी रेघ जाते.

पहिला आठवडा शक्यतो रुग्णालयाच्या जवळपास राहा. काप थोडा सुटला तर पुन्हा बुडबुडा भरतात. ते ऐकून ‘ऑपरेशन फेल’ म्हणून रडारड करू नका, ते बऱ्यापैकी नेहमीचं आहे आणि वेळेत केलं तर काप चिकटतो.

धोक्याची घंटा: पहिल्या एक-दोन दिवसांत डोळा आणि कपाळ ठणकणं, मळमळ, उलटी. हे पित्त समजून सोडा पिऊ नका. बुडबुड्याने आतल्या पाण्याची वाट अडून प्रेशर एकदम चढलेलं असू शकतं. रात्र असली तरी लगेच जा.

### पायरी 9: थेंब, महिन्यांनी नव्हे तर वर्षांनी मोजायचे

रोपण टिकवणारं खरं औषध म्हणजे स्टिरॉइडचे थेंब. सुरुवातीला दिवसातून बरेचदा, मग हळूहळू कमी, आणि पुष्कळांना दिवसाला एक थेंब दीर्घकाळ. ते कमी करायचे की थांबवायचे, हे फक्त डॉक्टर ठरवतात.

घालण्याची रीत अशी. हात साबणाने धुवा. प्रेडनिसोलोनसारखी दुधाळ बाटली आधी चांगली हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं आणि न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. खालची पापणी खाली ओढा, बाटलीचं टोक कशालाही न टेकवता एकच थेंब टाका. दोन थेंबांनी दुप्पट फायदा होत नाही, दुसरा गालावरूनच ओघळतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा. दुसरं औषध 5 मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या.

बाटली संपत आली की नवी दोन दिवस आधी आणा. लग्नकार्य, यात्रा, गावाला जाणं, याच काळात बाटली संपते आणि खंड पडतो. मेडिकलवाल्याने ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हटलं तर बाटलीवरच्या औषधाचं नाव चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर जुळवा.

तपासा: स्टिरॉइडमुळे काही जणांचं प्रेशर चढतं आणि ते कळतही नाही, दुखत नाही. प्रत्येक भेटीत प्रेशरचा आकडा फाईलमध्ये लिहिला गेला का ते बघा.

पाणी आणि धूळ: डोक्यावरून आंघोळ, रंगपंचमी, चंद्रभागेतली डुबकी, डॉक्टर सांगेपर्यंत नाही. आषाढीला पंढरपूरला गेलात तर दर्शन घ्या, पाणी पायावर घ्या. विड्या वळणाऱ्या बायकांनी तंबाखूचा हात डोळ्याला लागणार नाही याची काळजी घ्या. कारखान्यात जाणाऱ्यांनी चष्म्याशिवाय यंत्रमागाजवळ उभं राहू नका. पूर्ण जाडीचं रोपण झालेल्यांना तर साधा धक्का लागूनही जखम उघडू शकते, अगदी वर्षांनंतरही.

### पायरी 10: शरीर नाकारतंय का, हे रोज बघा

नाकारणं पहिल्या महिन्यात होईल किंवा पाचव्या वर्षीही. लक्षणं चार: लाली, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, दुखणं. चारही एकदम यायची वाट बघू नका, एक पुरे. लवकर थेंब वाढवले तर बऱ्याचदा काच पुन्हा स्वच्छ होते. ‘सोमवारी जाऊ’ म्हटलं की पेशी गेल्या, आणि गेलेल्या परत येत नाहीत.

पायरी 1मधलं कॅलेंडर इथेही वापरा. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्याच तारखा वाचायच्या. पूर्ण रोपणात टाका सैल झाला की टोचतं आणि चिपडं येतात, तोही त्याच दिवशी दाखवायचा. घरी फुंकर आणि पदराचा बोळा नको.

### पायरी 11: चष्मा आणि दुसरा डोळा

डीमेकनंतर नजर काही आठवड्यांत उघडते, डीसेकनंतर काही महिने लागतात. पूर्ण रोपणात वर्ष किंवा जास्त, कारण टाके निघेपर्यंत नंबर हलत राहतो. घाईने चष्मा केला तर पुन्हा करावा लागेल.

दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू असेल तर शिबिरात नाव घालण्याआधी पायरी 3मधला पेशींचा अहवाल त्या सर्जनला दाखवा आणि पहिल्या डोळ्याला काय झालं ते सांगा. काहींच्या दोन्ही डोळ्यांत पेशी जन्मजात प्रवृत्तीनेच कमी होत जातात. मग मोतीबिंदू फार पिकू न देता काढणं, पेशींना जपणारा जेल जास्त वापरणं किंवा मोतीबिंदू आणि रोपण एकाच वेळी करणं, यांतलं काय करायचं ते आधी ठरवता येतं.